फंजाच्या पुढे

बबन गमरेला पहिल्यांदा ते झालं सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात, निझव्याच्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाच्या सुमारास. मस्कतच्या एका कंत्राटदार कंपनीत तो इलेक्ट्रिकल इंजिनियर होता. निझव्याजवळ सबस्टेशनचं काम चालू होतं आणि आठवड्यातले चार दिवस तो आपली पांढरी कोरोला घेऊन तिकडे जाई. रस्ता तोंडपाठ होता. फंजा गावाजवळचा वादीवरचा, म्हणजे कोरड्या नदीवरचा, पूल मागे पडला, दोन्ही बाजूंनी उघडे तपकिरी डोंगर सुरू झाले, आणि एकाएकी छातीत कुणीतरी मूठ आवळावी तसं झालं.

हातांना मुंग्या आल्या. श्वास अर्ध्यावर अडू लागला. अंगावरचा शर्ट घामानं चिकटला, आणि आपण आता मरणार ही एकच गोष्ट डोक्यात लख्ख झाली. त्यानं गाडी कडेला घेतली. त्रिसरण म्हणायला लागला तर दुसऱ्या ओळीनंतर शब्दच आठवेनात. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द. वीस मिनिटांनी सगळं ओसरलं. जसं आलं तसंच गेलं. बबन आपल्या हातांकडे बघत बसला. हात नेहमीसारखेच दिसत होते.

झोप नीट झाली होती, पोट ठीक होतं, कुणाशी भांडण नव्हतं. पण त्याचं वय बेचाळीस होतं, आणि त्याचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी दापोलीच्या एसटी स्टँडवर बसल्या बसल्या गेले होते. त्यामुळे हे काय असावं याबद्दल त्याला शंका नव्हती.

संध्याकाळी तो मस्कतच्या रुवी भागातल्या एका क्लिनिकमध्ये गेला. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, अगदी स्वच्छ आहे. नऊ दिवसांनी पुन्हा तेच झालं, जवळपास त्याच जागी. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीची सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर धावून झालं. दर वेळी डॉक्टर हसून "नॉर्मल" म्हणत आणि दर वेळी बबन गोंधळून विचारी, "मग ते काय होतं?"

"गॅसेस असतील."

बिलं कंपनीच्या मेडिकलमध्ये बसत होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. पण त्याचा विश्वास बसेना. डिसेंबरात ऑफिसचं काम निघालंय असं बायकोला सांगून तो आठ दिवस मुंबईला गेला, चेंबूरला भावाकडे उतरला आणि एका मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी करून घेतली. तिकीट, हॉस्पिटल, बिनपगारी रजा, सगळं पदरचं. तिथले डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं हृदय पंचविशीतल्या पोरासारखं आहे."

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. बबन हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून राहिला. हृदय खराब निघालं असतं तर निदान त्याला नाव असतं, औषध असतं, वहिनीनं पथ्याचं जेवण केलं असतं. आता त्याच्याकडे जाड कागदांची एक फाइल होती आणि तिच्या प्रत्येक पानावर लिहिलं होतं, की याला काही झालेलं नाही.

परत आल्यावर रुवीच्या डॉक्टरांनी फाइल पाहिली आणि एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: डॉ. अमीरुन्निसा. खाली लिहिलं होतं, मनोविकारतज्ज्ञ. बबननं चिठ्ठीची घडी केली आणि पाकिटात ठेवून दिली. आपण वेडे नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. शिवाय तसला कागद कंपनीत गेला तर दर दोन वर्षांनी येणारं व्हिसाचं नूतनीकरण होईल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला हेही.

रस्ता मात्र होताच. घर घुब्र्यात होतं; तिथून शहराच्या टोकाच्या सीबपर्यंत तो बिनघोर जाई. फंजाचा पूल दिसू लागला की हाताच्या तळव्यांना घाम यायचा. एकदा तो पुलाअलीकडूनच परत फिरला आणि साइटवर गाडी बिघडल्याचं कळवलं. दुसऱ्यांदाही तेच सांगितल्यावर साइटवरच्या लोकांनी त्याला गाडी विकायचा सल्ला दिला.

मग त्याला हारूनभाई आठवले. हारूनभाई दाभोळचे, म्हणजे बबनच्याच मुलखातले. पंचावन्न वर्षांचे, दाढी पांढरी झालेली, वीस वर्षं कंपनीची बस चालवलेली. ड्रायव्हरच्या जागांवर स्थानिक माणसं घ्यायची असं ठरलं तेव्हा कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये टाकलं, पगार कमी करून. साइटवर सामान पोचवायला माणूस हवा, असं सांगून बबननं त्यांना त्या चार दिवसांसाठी मागून घेतलं. वर महिन्याला चाळीस रियाल स्वतःच्या खिशातून.

"गाडी तुमची, आन चालवायची मी?" हारूनभाईंनी विचारलं.

"माझी पाठ धरते."

हारूनभाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चावी घेतली. त्या दिवशी बबन बाजूच्या सीटवर बसला. फंजा आलं, गेलं. छाती थोडी धडधडली, पण बाजूला माणूस होता. काही झालंच तर हा आपल्याला हॉस्पिटलात नेईल, एवढ्या आधारावर तो निझव्याला पोचला. पुढचं दीड वर्ष तो तसाच पोचत राहिला.

पाठीचं कारण घरीही सांगावं लागलं. बायकोनं, द्रौपदीनं, ते मनावर घेतलं. तिनं सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दोन शुक्रवार घासाघीस करून ऐंशी रियालची खास पाठीसाठीची गादी आणली. स्वतःच्या बांगड्यांसाठी साठवलेले पैसे होते ते. गादी दगडासारखी होती. बबनची धडधाकट पाठ त्या गादीवर खरंच दुखायला लागली.

"आता बरं वाटतंय का?" द्रौपदी रोज विचारायची.

"बरंच," तो म्हणायचा.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर मुनीरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. निझव्याच्या पुढे आणखी दोन सबस्टेशनांचं काम मिळालं होतं. तिथला इन्चार्ज म्हणून त्यांना बबन हवा होता. पगारात एकशेवीस रियालची वाढ, राहायला तिथंच घर, शुक्रवारच्या सुट्टीला गुरुवारी संध्याकाळी मस्कतला यायचं.

बबनच्या डोळ्यांपुढे फक्त रस्ता आला. दर आठवड्याला, रात्री-अपरात्री, एकट्यानं. आणि तिथं काही झालं तर.

"सर, घरून परवानगी नाही," तो म्हणाला. "मुलीची शाळा आहे. मिसेस एकटी राहायला तयार नाही."

मुनीरसाहेब बुचकळ्यात पडले. "गमरे, माणसं यासाठी माझ्या मागे लागतात. दोन दिवस विचार कर."

"नको सर. खलास."

ते काम अतुल नावाच्या नागपूरच्या पोराला मिळालं. बबनपेक्षा नऊ वर्षांनी लहान. केबल जोडायला त्याला बबननंच शिकवलं होतं.

ही गोष्ट दोन महिने घरात पोचली नाही. पोचली ती मे महिन्यात, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात. एका हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती आणि जेवणाच्या पंगतीत अतुलची बायको द्रौपदीला म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे आमचं भलं झालं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून यांना मिळालं."

घरी आल्यावर द्रौपदीनं पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच विचारलं, "मी कशाला नाही म्हणाले?"

बबन काहीतरी सांगायला लागला. शाळा, अंतर, तिचा एकटेपणा.

"माझ्या नावावर का सांगितलंत?" ती म्हणाली. "तिकडे कोण आहे का तुमचं? चार-चार दिवस निझव्याला जाता, हारूनभाईंना पैसे देता, मुंबईला जाऊन आलात तेव्हा जाऊबाई फोनवर हॉस्पिटलचं काहीतरी बोलल्या आणि मी गप्प बसले. मला एकदा काय ते सांगा. बाई असेल तर बाई म्हणा."

बाई असती तर सांगणं सोपं गेलं असतं, असं बबनला त्या क्षणी खरंच वाटलं. तो खाली बसला. फंजाचा पूल, छातीतली मूठ, फाइल, अँजिओग्राफी, सगळं त्यानं सांगितलं. सांगताना ते त्यालाच खोटं वाटत होतं. धडधाकट माणूस, स्वतःची गाडी, सरळ रस्ता, आणि म्हणे जाता येत नाही.

"म्हणजे पाठ दुखत नाही?" द्रौपदीनं विचारलं.

"नाही."

"मग नक्की झालंय काय तुम्हाला?"

"तेच तर कुणी सांगत नाही."

मग त्यानं पाकिटातून ती चिठ्ठी काढली. घडीवर फाटायला आली होती. द्रौपदीनं ती उलगडून वाचली, आत बसलेल्या मुलीला, प्रणालीला, हाक मारली आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवायला सांगितला. प्रणाली बारा वर्षांची होती, घुब्र्याच्या इंडियन स्कूलमध्ये सातवीत. फोनवरचं इंग्लिश घरात तीच बोलायची.

डॉ. अमीरुन्निसा हैदराबादच्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. पाऊण तास त्यांनी फक्त ऐकलं. मग म्हणाल्या, "इलेक्ट्रिकलवाले आहात ना? रिले ठाऊक असेल. लाइनमध्ये फॉल्ट आला की रिले ट्रिप होतो, लाइन तोडतो. कधी कधी फॉल्ट नसतानाही होतो. तुमचं तसं झालंय. धोका नाही आणि शरीर धोका समजून सगळं बंद करू बघतं."

"पण मॅडम, रिले उगाच ट्रिप होत नाही," बबन म्हणाला. हा त्याचा प्रांत होता. "ओल असते, वायर ढिली असते. शोधलं की सापडतं."

"माणसात प्रत्येक वेळी सापडतंच असं नाही."

"मग दुरुस्त काय करायचं?"

"सवय," त्या म्हणाल्या. "गोळी देते, त्यानं थोडं हलकं वाटेल. पण खरं औषध तो रस्ताच आहे. थोडा थोडा घ्यायचा. आणि ते आलं की पळायचं नाही, थांबायचं. आपोआप उतरतं."

पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कंपनी क्लेम?" बबननं पावतीकडे पाहिलं. विभागाचं नाव ठळक छापलेलं होतं. "नको, कॅश," तो म्हणाला. जो आजार नव्हता त्याच्या तपासण्यांचे अडीचशेच्या वर रियाल कंपनीनं मुकाट्यानं दिले होते. जो होता त्याचे पंधरा रियाल दर खेपेला त्याच्या खिशातून जाणार होते, वर गोळ्या. यात काहीतरी उलटं आहे असं त्याला वाटलं, पण त्याबद्दल कुणाकडे तक्रार करणार.

घरी प्रणालीनं गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला. "बाबा, इथे अँग्झायटी लिहिलंय. म्हणजे… भीती?" ती अडखळली. "पण तुम्ही तर… पाल पण हातानं पकडता."

"भीती नाही गं," बबन म्हणाला. मग काय, ते त्याला मराठीतही सांगता आलं नाही.

हारूनभाईंना सांगणं भाग होतं, कारण डॉक्टरांच्या सवयीत त्यांचं काम होतं. पहिले पंधरा दिवस बबननं सीबच्या पुढे स्वतः चालवायचं, हारूनभाईंनी बाजूला बसायचं. मग फंजापर्यंत. मग हारूनभाईंनी मागच्या सीटवर. मग मागून दुसऱ्या गाडीत. मग अजिबात नाही.

हारूनभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बेस," एवढंच म्हणाले.

जून-जुलै तसा बरा गेला. बबन फंजापर्यंत चालवू लागला. पण त्याच्या पुढे गाडी जाईना. दर वेळी पूल आला की हारूनभाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि हळूच म्हणत, "साहेब, आज राहू द्या. तोंड उतरलंय तुमचं." कधी पुढे ट्रक उलटल्याचं ऐकून आलेले असत, कधी त्यांना वादळी वाऱ्याचं लक्षण दिसे. बबन लगेच गाडी थांबवी, जागा बदले. त्याला बरं वाटे आणि लगेच वाईटही वाटे. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. डॉ. अमीरुन्निसांनी वही उघडून विचारलं, "तीन महिने एकाच पुलावर का अडकलाय?"

त्या प्रश्नानं बबनच्या डोक्यात एक किडा शिरला. पुलावरची वाक्यं तो आठवू लागला. ट्रक खरंच उलटला होता का? साइटवर तर कुणी काही बोललं नव्हतं. हारूनभाईंची मुलगी खुदेजा रत्नागिरीला डी.एड. करत होती आणि तिची फी या चाळीस रियालमधूनच जायची, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पण याच माणसानं पावणेदोन वर्षांत एकदाही त्याची चेष्टा केली नव्हती. ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा तर गाडी थांबवून लहान मुलासारखं त्याचं तोंड धुतलं होतं. हा माणूस आपल्याला जपतो की अडवतो? बबनला काही केल्या ठरवता येईना. विचारायचं धाडसही झालं नाही, कारण हारूनभाई रागावून निघून गेले तर उद्या सकाळी निझव्याला कसं जायचं?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते दोघं फंजाला पोचले. बबन चालवत होता. पुलाच्या अलीकडे एक चहाचं दुकान होतं, मलबारी माणसाचं. हारूनभाई म्हणाले, "इथं थांबवा."

बबननं थांबवली आणि सवयीनं आपला पट्टा सोडला, जागा बदलायला. हारूनभाई उतरले, पण गाडीला वळसा घालून त्याच्या दाराशी आले नाहीत. खिडकीतून वाकून म्हणाले, "सुमाइलच्या पेट्रोल पंपापर्यंत जा आन परत या. मी इथं चहा पितो."

"एकटा?"

"एकटेच."

"आज नको हारूनभाई. आज तोंड उतरलंय."

"मला नाही दिसत," हारूनभाई म्हणाले, आणि पाठ फिरवून दुकानात जाऊन बसले.

बबन काही मिनिटं तसाच बसून राहिला. मग त्यानं पट्टा लावला. पूल गेला. डोंगर सुरू झाले. पाच-सहा किलोमीटरवर ते आलं. आधी बोटांत, मग छातीत. त्यानं गाडी कडेला घेतली. परत फिरायची इच्छा इतकी जोरात होती की त्यानं चावी काढून मागच्या सीटवर टाकली. थांबायचं, एवढंच त्याला आठवत होतं. मूठ आवळत गेली. डोळ्यांपुढे वडील आले, एसटी स्टँड आला. आपण इथं मेलो तर हारूनभाई दुकानात किती वेळ वाट बघतील, असा एक वेडा विचार येऊन गेला. घड्याळात सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सात चौदा, सात वीस. मग, का ते कळलं नाही, पण मूठ सैल होऊ लागली. त्यानं काही केलं नव्हतं. एक बकरी रस्ता ओलांडून गेली आणि तिच्याकडे बघताना श्वास पूर्ण आत गेल्याचं त्याच्या लक्षात आलं.

तो पेट्रोल पंपापर्यंत गेला. तिथं पेट्रोल भरायची गरज नव्हती, तरी एका रियालचं भरलं.

परत आला तेव्हा हारूनभाईंच्या पुढे तीन रिकामे पेले होते. बबन समोर बसला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"झालं?" हारूनभाईंनी विचारलं.

"झालं. आलं होतं, पण झालं."

हारूनभाईंनी चौथा चहा सांगितला. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "साहेब, एक सांगतो. पुढे ट्रक उलटला होता म्हणून मी सांगितलं ना, तो नव्हता उलटला."

बबननं पुढ्यातला एक रिकामा पेला बाजूला सरकवला.

"पहिल्यांदा तुमचं तोंड खरंच उतरलं होतं. अल्लाची शपथ. दुसऱ्यांदा पण. मग कधी खरं दिसायचं आन कधी मला तसं दिसायला हवं असायचं, ते माझं मलाच कळेना. काल खुदेजाचा फोन आला. म्हणाली, अब्बा, पुढच्या वर्षाची फी भरली की सुटलो. मी म्हटलं, हो. आन रातभर झोप नाही आली. तुमचा आजार माझ्या घरी भात शिजवतोय, हे काय बरं नाही."

"मग आज का उतरलात?"

"उतरलो," हारूनभाई म्हणाले. "का ते विचारू नका. सांगता नाही येणार."

बबनला राग यायला हवा होता. तीन महिने, डॉक्टरांच्या सहा खेपा. पण समोरचा म्हातारा रिकामे पेले एकात एक घालत बसला होता, आणि त्याच्याकडे बघताना बबनला राग शोधूनही सापडला नाही. त्यानं चहाचे पैसे दिले. साइटपर्यंत गाडी त्यानंच चालवली. हारूनभाई बाजूला बसले आणि सुमाइलनंतर त्यांना डुलकी लागली.

घरी त्यानं द्रौपदीला सगळं सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं आणि म्हणाली, "पोरीची फी होईपर्यंत द्या त्यांना. आपलं एवढं गेलं, त्यात ते एक."

म्हणून बबननं आणखी सहा महिने चाळीस रियाल द्यायचं ठरवलं, हारूनभाईंना बरोबर न नेता. त्यांनी चार महिने घेतले. पाचव्या महिन्यात पाकीट परत केलं. शुक्रवारी एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, बागेत पाणी द्यायचं काम त्यांनी धरलं होतं.

पुढच्या वर्षीही बबन निझव्याला एकटाच जात राहिला. कधी ते यायचं, कधी महिनाभर यायचं नाही. गोळी अर्ध्यावर आली. इन्चार्जची जागा पुन्हा कुणी देऊ केली नाही. अतुल आता त्याचा साहेब होता आणि मीटिंगमध्ये त्याला "दादा" म्हणायचा, त्याचं दोघांनाही अवघड व्हायचं. मुनीरसाहेब बदलून जाताना एकदा म्हणाले, "तुझ्या बायकोनं त्या वेळी तुझं फार नुकसान केलं." बबननं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची ते सुचलं नाही. "नाही सर, तिनं नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मुनीरसाहेबांना त्याचा अर्थ लागला नाही.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत हारूनभाई कायमचे गावी निघाले. बबननं त्यांना सीबच्या विमानतळावर सोडलं. ट्रॉलीवर दोन सुटकेसा, एक ब्लँकेट, दोरीनं बांधलेला टेपरेकॉर्डर. दाराशी हारूनभाई थांबले.

"साहेब, एक खरं सांगा. त्या दिवशी चहाच्या दुकानावर मी उतरलो नसतो, तर तुम्ही मला उतरवलं असतं?"

बबननं विचार केला. खरंच केला.

"माहीत नाही, हारूनभाई."

हारूनभाईंनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं, किंवा नको होतं. मग ट्रॉली ढकलत आत गेले आणि गर्दीत त्यांची पांढरी टोपी बाकीच्या पांढऱ्या टोप्यांत मिसळली.

बबन पार्किंगमध्ये आला. अकरा वाजता अतुलनं निझव्याला मीटिंग ठेवली होती. गाडीत बसल्यावर त्याला जाणवलं, छाती थोडी धडधडते आहे. म्हातारा गेला म्हणून, की पुढच्या रस्त्यामुळे, ते त्याला कळेना. आणि ते कळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्यानं गाडी सुरू केली.